मी जीपपाशी उभा व्हतो

औंध, १७ नोव्हेंबर २०२४

रेश्मा,

अक्षर वळखून पाकीट फाडू नगंस. तुझ्या आईनं पत्ता दिलेला न्हाई, तिला बोल लावू नगं. गेल्या रविवारी पुण्याच्या पेपरात आतल्या पानावर तुझं नाव दिसलं, रेश्मा फडतरे. म्हणून पेपरच्या हापिसच्या पत्त्यावर घालतोय. फोन तू घेत न्हाईस, ते तुझ्या जागी बरोबर हाय. साडेचार वर्सं झाली. मी जसा बोलतो तसंच लिहितो, तू सुदारून वाच.

मी आता औंधला नोकरीला हाय. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला एका संस्थेनं जुन्या शाळेची इमारत घेतलीया. तिथं आफ्रिकेतल्या चार पोरी ऱ्हात्यात. धा महिन्यांचा कोर्स हाय. फोटो कसा काढायचा, बातमी कशी आणायची, कशी लिहायची. शिकवायला वाईच्या ज्ञानदा मॅडम हायत, पंचवीस वर्सं पेपरात फोटोग्राफर व्हत्या. मी जीप चालवतो. नोकरीला घेताना मॅडमनी इचारलं, "तुम्ही काँगोत होता ना?" मी म्हणलो, व्हय, शांतिसेनेत, एक वर्स. त्यास्नी वाटलं असंल, माणूस सवयीचा हाय.

पोरी मला काका म्हणत्यात. मलावीची एक चिकोंदी हाय, एकवीस वर्सांची, सारखी हसती. आन् एक फुराहा. ती काँगोचीच, गोमा शहरातली. पयल्या दिवशी जीपमधी बसताना मी तिला "जांबो" म्हणलो, तिकडचा रामराम. तिनं माझ्याकडं बघितलं, हसली न्हाई. म्हणली, "हा शब्द तुम्ही कुठं शिकला?" इंग्लिशमधी म्हणली, मी मराठीत लिहितोय.

मागच्या आठवड्यात रहिमतपूरच्या बाजाराला नेलं व्हतं, फोटो काढायला. भाजीच्या लायनीत एका गड्यानं चिकोंदीची वेणी धरून वढली. खरी हाय का खोटी, ते बघायला. बाजूचे चारजण हसले. मी त्याला धरला, डोस्कं हातगाडीच्या लोखंडावर दोनदा आपटलं. पुढचे दात पडले. फौजेतला हात हाय, अजून गेलेला न्हाई.

मला वाटलं पोरी घाबरल्या असत्याल, जीपमधी बसवाव्यात. तर फुराहा त्या गड्यापाशी उकिडवी बसली व्हती. त्याला पाण्याची बाटली दिली, आन् वही काढून मोडक्या मराठीत इचारती, "तुमचं नाव काय? गाव कुठलं? तुम्ही तिचे केस का ओढले?" त्या गड्याच्या तोंडातनं रगात गळतंय, आन् तो आपला नाव सांगतोय.

ज्ञानदा मॅडम मला संध्याकाळी म्हणल्या, "मानसिंगराव, तुम्ही गाडी चालवायला आहात. त्यांच्या वतीनं कुणाला मारायला नाही."

"मॅडम, हात लावला त्यानं पोरीला."

"म्हणूनच ती नाव लिहून घेत होती. आता दात तुम्ही पाडलेत. तक्रार कोण करणार? तोच."

मला राग आला. अजून हाय. पण ह्या पोरी बघतो मी. कोण, कवा, कुठं, कुणी बघितलं. जेवतानाबी हेच. तू बी असंच इचारायचीस, ताटावर बसून.

थंडी पडलीया. हात दुखतो का?

मानसिंग फडतरे

औंध, ५ जानेवारी २०२५

रेश्मा,

उत्तर आलं न्हाई. यावं म्हणून लिहिलंबी नव्हतं.

फुराहाला मॅडमनी अभ्यास दिला व्हता, जवळच्या माणसाची मुलाखत घ्यायचा. तिनं मला धरलं. पायरीवर बसलो. ती म्हणली, "काँगोत तुम्ही काय बघितलं?"

मी नेहमीचं सांगितलं. लाल माती, केळी, ज्वालामुखी, पोरांना बिस्किटं वाटायचो. तिनं समदं लिहिलं. मग म्हणली, "आता जे कुणाला सांगत नाही ते."

रेश्मा, बावीस वर्सं फौजेत मला साहेब लोकांनी असं इचारलं न्हाई. मी उठून जायला पायजे व्हतो. न्हाई गेलो.

दुपारची येळ व्हती. मी गेटवर संत्री. खालच्या बाजारातनं बाया पळत वर आल्या, पंधरा-वीस असत्याल, कडंवर पोरं. त्यांच्या मागनं कोयतेवाले. ऑर्डर साफ व्हती, बायापोरं आली तर गेट उघडायचं. बाया जाळीला धरून वरडत व्हत्या, "फुंगुला! फुंगुला!" मंजी उघड. मला शब्द कळत व्हता. मी मागच्या कोयत्यांकडं बघितलं आन् कडी काढली न्हाई. वरून साहेब शिव्या देत धावत आला, त्यानं उघडलं. तवर जाळीखाली तिघी पडल्या व्हत्या. एकीचा हात जाळीतच अडकून ऱ्हायला, खाली बाई नव्हती. मी जबाबात सांगितलं, कडी अडकली व्हती. साहेबाला खरं वाटलं.

तुझ्या आईला हे ठाव न्हाई. गावाला न्हाई. फुराहा ऐकत व्हती. रडली न्हाई, मला शिवी दिली न्हाई. तिनं लिहिलेलं मला परत वाचून दाखवलं, वाक्य न् वाक्य. म्हणली, "हे बरोबर आहे का? काही बदलायचंय?" मी म्हणलो, न्हाई. त्या साली ती नऊ वर्सांची व्हती, दुसऱ्या वस्तीत. तेवढं सांगून उठून गेली. दुसऱ्या दिवशी जीपमधी पुढच्या सीटवर बसली, रोजच्यासारखी.

आता दुसरं. तिनं शेवटच्या कामाला इषय घेतलाय तो येरळेतल्या वाळूचा. जीपमधनं तिला नदीच्या पात्रात ट्रॅक्टर दिसले. मॅडमच्या कपाटात जुन्या साप्ताहिकांची चळत हाय, त्यात हिनं काय शोधून काढावं? २०२० च्या मे महिन्यातला तुझा फोटो. तू काढलेला. आपल्या गावाखालचं पात्र, चार ट्रॅक्टर, आन् खाली नाव, रेश्मा मानसिंग फडतरे.

तिनं मॅडमकडनं वाचून घेतलं, मग माझ्याकडं आली. "काका, फडतरे. तुमची कोणी लागते?"

मी न्हाई म्हणलो. म्हणलो, आमच्याकडं निम्मं गाव फडतरे हाय.

ते तुला सांगावं म्हणून हे पत्र.

तो फोटो छापून आला त्या दिवशीचंबी लिहितो. तुझा आप्पासो चुलता, ज्याचे ते ट्रॅक्टर, धा माणसं घेऊन आपल्या दारात आला व्हता. भावकीसमोर म्हणला, "मान्या, फौजेत काय आवरलंस रं, घरातली पोरगी आवरंना तुला?" मी पट्टा काढला. तू कॅमेरा सोडंनास. झटापटीत तुझा हात मोडला. कॅमेरा मी हिरीत टाकला. मला वाटत व्हतं, आज मी मारलं न्हाई तर उद्या ती लोकं मारत्याल. बापानं मारलेलं बरं.

आप्पासोचा परवा फोन आला व्हता. म्हणला, त्या काळ्या पोरी पात्रात कशाला हिंडत्यात? मी म्हणलो, मी ड्रायव्हर हाय, मला काय ठाव.

मानसिंग

सांगली, ८ फेब्रुवारी २०२५

रेश्मा,

ह्याच्या संगं पेपरातलं कात्रण हाय. "माजी सैनिकाने वाचवले विदेशी युवतीचे प्राण." तू पेपरातलीच हायस, तुझ्यापतूर आलंच असंल. तरी मी सांगतो.

पयलं हे सांगतो की फुराहा जिती हाय. सांगलीच्या दवाखान्यात हाय. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारांनी बांधलाय. डावा डोळा गेला.

जानेवारीच्या शेवटी तिच्या गोम्यात बंडखोर शिरले. तिच्या आईचा फोन चार दिवस लागत नव्हता. मॅडम म्हणल्या, काम थांबव. ती म्हणली, "इथं बसून मी तिथलं काहीच करू शकत नाही. नदी तरी पूर्ण करते." चौथ्या दिवशी आईचा आवाज आला, एक मिनिट. मग ही दोन दिवस नुसती लिहीत व्हती.

परवा गुरुवारी मी तिला आन् चिकोंदीला घेऊन गेलो. अकरा वाजले असत्याल. जीप वरच्या कडंला, बाभळीखाली लावली. पात्रात पोकलेन चालू व्हता, दोन पुरुस खोल खड्डं पाडल्यालं. फुराहा खड्ड्याच्या काठावर पालथी पडून फोटो काढत व्हती. चिकोंदी ट्रॅक्टरचं नंबर लिहीत व्हती.

दोन मोटारसायकलींवरनं पाचजण आले. म्होरं वीरधवल. आप्पासोचा वीरधवल, तुझा चुलतभाऊ, तुला राखी बांधायला लावायचा तो. खोऱ्याचे दांडके घेऊन आले व्हते. चिकोंदी पळत जीपमधी शिरली, आतनं कडी लावली. फुराहा उभी ऱ्हायली.

वीरधवल म्हणला, "कॅमेरा दे." हिंदीत म्हणला.

ती म्हणली, "हपाना." मंजी न्हाई.

मॅडमनी पोरींना शिकवलंय, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन येढं घालून धरायचा, कुणी हिसकावला तर निसटत न्हाई. त्यानं वढला, निसटंना. ती फरपटत गेली, पर कॅमेरा सुटंना. मग वीरधवलनं दांडका घातला. मी पळत गेलो. हातात जॅकची टॉमी, लोखंडी दांडा, व्हता. एकाच्या गुडघ्यावर घातली, त्यो बसला. दुसऱ्याच्या मनगटावर. तिसऱ्यानं माझ्या पाठीत दांडका घातला, तो मोडला. वीरधवल तवाबी तिलाच मारत व्हता. ती खाली पडलेली, तोंडावर दोन्ही हात, मनगटाला कॅमेरा लोंबतोय. मी टॉमी दोन्ही हातांनी वर घेतली आन् त्याच्या डोस्क्यात घातली. कलिंगड फुटल्यागत आवाज झाला. तो वाळूत तोंडावर पडला आन् पाय झाडाय लागला. बाकीचे पळाले.

फुराहाला उचलली तर तिचा जबडा माझ्या हातात हलत व्हता. डोळा गालावर आल्याला. मी बाया मेलेल्या बघितल्यात, पर असल्या जितीला हातात धरलं नव्हतं. विट्यात पट्टी केली, म्हणले सांगलीला न्या. चिकोंदी सबंध वाट तिचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली व्हती, तिच्या भाषेत कायतरी म्हणत. वीरधवललाबी मागनं गावकऱ्यांनी सांगलीलाच आणलं. त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. शुद्ध न्हाई.

पोलीस चांगलं वागले. जबाब घेतला. मॅडमनी माझा हात हातात धरला. तुझी आई आली व्हती एसटीनं. तिनं कात्रण वाचलं, माझ्याकडं बघितलं, आन् फुराहाच्या खोलीत जाऊन बसली.

तू काय म्हणशील ते कळू दे.

तुझा बाप

सांगली, १७ फेब्रुवारी २०२५

रेश्मा,

वीरधवल परवा शनवारी सकाळी मेला. नऊ दिवस जगला. त्याचं बारसं मी सुट्टीवर आलो व्हतो तवा झालं. बोटांत चार आंगठ्या, आन् माझ्या खांद्यावर मुतला व्हता. मी त्याला मारला.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलंय. सगळं न्हाई. जे झालं ते तसंच झालं, पर मी कुठं व्हतो ते खोटं हाय.

काल दुपारी फुराहाच्या खोलीत गेलो. तिला बोलता येत न्हाई. तोंड तारांनी शिवल्यागत बंद हाय, नळीतनं पेज घालत्यात. एका डोळ्यावर पट्टी. तुझी आई उशाला व्हती. ती रोज येती, आन् दोघी काय करत्यात ठाव न्हाई, एकीची भाषा दुसरीला येत न्हाई. ज्ञानदा मॅडम खिडकीपाशी.

फुराहानं मला बघून वही मागितली. पेन्सिल उजव्या हातात धरून लिहिलं. इंग्लिशमधी. मला वाचायला येतं तेवढं. तिनं लिहिलं व्हतं, "आम्ही कधी येणार हे त्यांना कुणी सांगितलं?"

मॅडम म्हणल्या, "फुराहा, ते पोलीस बघतील. आराम कर."

तिनं मॅडमकडं बघितलंच न्हाई. पेन्सिलीनं त्याच वाक्याखाली रेघ मारली.

तिला ठाव नव्हतं, रेश्मा. मला अजून वाटतं, तिला नक्की ठाव नव्हतं. ती फकस्त इचारत व्हती, जशी रहिमतपुरात त्या दात पडलेल्या गड्याला इचारत व्हती. मी न्हाई म्हणलो असतो तर संपलं असतं. कुणापाशी काय पुरावा न्हाई. आप्पासो तर सांगणार न्हाईच.

मी म्हणलो, "मी."

मग मी समदं सांगितलं. मॅडम तिला इंग्लिशमधी सांगत गेल्या. त्यांचा आवाज सुरवातीला नीट व्हता.

आप्पासोचा फोन एकदा न्हाई, चारदा आला व्हता. चौथ्या खेपंला तो म्हणला, "मान्या, पोरीला हात लावणार न्हाई. तुझी शपथ. कॅमेरा घेतो, दम देतो, संपलं. तू फकस्त कवा येणार ते सांग. नायतर रात्री-अपरात्री दुसरी पोरं जात्याल शाळंवर, आन् ती माझ्या हातात न्हाईत." मी इचार केला दोन दिवस. मला वाटलं, तिचं गाव जळतंय, हिचं डोस्कं ठिकाणावर न्हाई, ही ऐकायची न्हाई. कॅमेरा गेला की गप बसंल. परत तिच्या देशात धडधाकट जाईल. तिच्या भल्याचं हाय. मी बुधवारी सांजच्याला आप्पासोला सांगितलं, उद्या अकराला.

आन् पळत गेलो हे खोटं.

मी जीपपाशी उभा व्हतो. मोटारसायकली आल्या ते बघितलं. चिकोंदी माझ्या अंगावरनं पळत आत गेली, "काका, काका" करत. मी बिडी पेटवली. ठरल्यालं तसंच चाललंय असं वाटत व्हतं. कॅमेरा वढला, निसटंना. तिला फरपटवलं. मी मनात म्हणत व्हतो, सोड की गं पोरी, सोड. पयला दांडका तिच्या खांद्यावर बसला. मी उभा. दुसरा डोस्क्यावर. तिनं माझ्याकडं बघितलं, वरडली न्हाई. मी उभा. तिसरा तोंडावर, जबडा मोडला तो आवाज मला बाभळीखाली आला. मी उभा. चौथा डोळ्यावर.

चार. मी मोजलेत. पाय का हलला न्हाई ते मला सांगता येत न्हाई. पाचवा उचलला तवा मी टॉमी घेतली.

बिडी तवा माझ्या तोंडातच व्हती.

मॅडमनी शेवटचं वाक्य सांगितलं न्हाई तिला. त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणल्या, "मी तुमचा हात धरला होता." आन् बाहेर गेल्या.

फुराहा लिहीत व्हती. एका डोळ्यानं. येळ लागला तिला. लिहून झाल्यावर वही माझ्याकडं सरकवली. वर तारीख, माझं नाव, वय, आन् खाली मी बोललो ते. चार दांडक्यांपतूर. तिनं बोटानं खालची मोकळी जागा दाखवली. मी सही केली.

तुझी आई समदा येळ तिथंच व्हती. तिनं वाटी उचलली आन् नळीत पेज घालाय लागली.

आज सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलला. तो फौजदार, गेल्या आठवड्यात मला चहा पाजणारा, माझ्या फौजेतल्या हुद्द्यानं हाक मारून म्हणला, "आवं हवालदार, कशाला? सुटलाय तुमी." मी म्हणलो, लिहून घ्या. दोनदा म्हणावं लागलं.

आता हितं बाकड्यावर बसून लिहितोय. आप्पासोला आणायला पोलिसांची जीप गेलीया. संध्याकाळी मला आत घेत्याल.

मानसिंग

जिल्हा कारागृह, २० जुलै २०२५

रेश्मा,

तुझं पत्र मिळालं. वर "श्री. मानसिंग फडतरे यांस" लिहिलंस. बरोबर लिहिलंस.

पयलं हितलं सांगतो. आप्पासोबी हितंच हाय, दुसऱ्या बराकीत. पयल्या महिन्यात त्याच्या माणसांनी मला नळाजवळ गाठलं. पत्र्याचा तुकडा घासून धार केल्याला, पोटात घातला. आतडं वाचलं. मी हात उचलला न्हाई. फौजेतला हात म्हणायचो, तो कुठं गेला कुणास ठाव. सत्तावीस टाके. ज्याचा पोरगा मारला त्यानं एवढं करावंच. पर आप्पासो एक दिवस जाळीपलीकडनं म्हणला, "मान्या, तू तोंड उघडलं नसतंस तर माझं एकच माणूस गेलं असतं." त्याला पोरगा कसा मेला त्याचा राग न्हाई, तोंड उघडल्याचा हाय. तवापास्नं मला त्याची भीती वाटत न्हाई.

फुराहानं न्यायाधीशासमोर जबाब दिला. तारा काढल्यावर तीन आठवड्यांनी. मी तिथं व्हतो, बेडी घातलेला. तिला दोन तास बोलायला लावलं तरी ती मधी बसली न्हाई. वकिलानं इचारलं, "ह्या माणसानं तुमचा जीव वाचवला की नाही?" ती म्हणली, "वाचवला. आधी विकला, मग वाचवला. दोन्ही लिहा."

तिची वाळूची बातमी तिनं दवाखान्यातनंच पुरी केली, चिकोंदीनं लिहिलेले नंबर घालून. कॅमेरा दगडानं ठेचला व्हता, पर आधीचे फोटो मॅडमपाशी व्हते. तुझ्याच पेपरात आली ना? आई सांगत व्हती म्हणे, खाली तुझंबी नाव व्हतं, तिच्या नावाशेजारी. मला हितं तो पेपर मिळाला न्हाई. गोम्याला तिला जाता येईना, म्हणून ती नैरोबीला गेली, तिथं कामाला लागली. जायच्या आधी तुझ्या आईला म्हणली म्हणे, फोटो काढताना लोकं डावा डोळा मिटत्यात, मला तेवढा त्रास वाचला. तुझी आई हे सांगताना हसली आन् मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. ती मला भेटायला येत न्हाई. हे समदं तिनं फौजदाराच्या बायकोला सांगितलं, तिच्याकडनं मला कळलं.

संस्था बंद झाली न्हाई. मॅडमनी पुढच्या सालच्या पोरी घेतल्यात, आठ. नवा ड्रायव्हर बाई हाय.

आता तुझे प्रश्न. तू तीन इचारलेस, नंबर घालून. तसंच उत्तर देतो.

एक. आप्पासोला येळ सांगताना मला तुझी आठवण आली का. आली. तेच तर डोस्क्यात व्हतं. मी मनात म्हणलो, रेश्माचा कॅमेरा घेतला तवा ती जिती ऱ्हायली, शिकली, पेपरात लागली. मंजी मी केलं ते बरोबर व्हतं. मी तुझं उदाहरण घेऊन तिला दिली त्यांच्या हातात.

दोन. २०२० साली आप्पासोनं मला काय दिलं का. न्हाई. एक रुपया न्हाई. फकस्त जाताना पाठीवर थाप मारली. भावकीसमोर.

तीन. त्या दिवशी काय झालं ते माझ्या तोंडानं सांगायचं, आन् मला काय वाटलं ते.

झटापट नव्हती. जानेवारीच्या पत्रात झटापट लिहिलंय ते खोटं हाय. पट्ट्यानं मारलं तरी तू म्हणत व्हतीस, बातमी खरी हाय. रडत न्हाई, नुसतं तेवढंच, बातमी खरी हाय. तुझी आई मधी पडली, तिला मी उंबऱ्याबाहेर ढकलली आन् दार लावलं. कॅमेरा आधीच मी घेतला व्हता, तुझ्या हातात काय नव्हतं. मी तुझा उजवा हात धरून पाट्यावर ठेवला. तू वढला न्हाईस. तुला वाटलं असंल, बाप हाय, नुसता भ्या दाखवतोय. मी वरवंटा उचलला आन् हातावर घातला. एकदा न्हाई. दोनदा. पयल्यांदा बोटं गेली, दुसऱ्यांदा मनगट. दुसऱ्यांदा तू "बाबा" म्हणालीस. त्याच्या आधी तू मला आण्णा म्हणायचीस, बाबा कवाच न्हाई. कुठनं आला तो शब्द, ठाव न्हाई.

मला काय वाटलं ते इचारलंस.

बरं वाटलं. घर गप झालं, म्हणून बरं वाटलं. बाहेर आप्पासोची माणसं उठून गेली, चपलांचा आवाज आला, मला वाटलं, आता सगळं जागेवर हाय.

तू आतल्या खोलीत पडली व्हतीस. तुझी आई बाहेरनं दार बडवत व्हती. मी चुलीपाशी गेलो, ताट घेतलं, आपल्या हातानं वाढून घेतलं. दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याची भाजी व्हती. पोट भरून जेवलो. मग दार उघडलं.

मानसिंग फडतरे